घडी न मोडता

मराठी भाषेत 'घडी' या शब्दाला फार मान आहे. संसाराची घडी बसते, कारभाराची घडी विस्कटते, आणि नवे लुगडे प्रथम नेसले म्हणजे त्याची घडी मोडली असे म्हणतात. कापडाच्या एका साध्या दुमडीवरून ज्या भाषेने संसारापासून राज्यकारभारापर्यंत मजल मारली, त्या भाषेच्या लोकांना घडी सांभाळण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तथापि एक प्रसंग असा आहे की, तेथे भल्याभल्यांची घडी मोडते. तो प्रसंग म्हणजे सायकलवरून कामावर जाण्याचा. धुतलेले व इस्त्री केलेले कपडे घरापासून कचेरीपर्यंत सुरकुती न पडू देता सायकलवरून कसे न्यावेत, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय क्षुल्लक आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु क्षुल्लक गोष्टींपायीच पुष्कळदा मोठे निर्णय घेतले जातात, आणि ते बहुधा चुकीचे असतात.

पुण्याच्या पूर्वेस असलेल्या मांजरी गावातील एका तरुणाचेच उदाहरण घ्या. शहरातील एका पतपेढीत तो नुकताच कारकून म्हणून लागला होता. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण कॉलेजात, आणि मिळवता हा एकटा. घरी वडिलांची जुनी पण दणकट सायकल होती, रस्ता सहा-सात किलोमीटरांचा होता आणि पायांत जोर होता. तेव्हा जाण्यायेण्याचा खर्च शून्य, असा त्याने हिशोब मांडला. अंगावर जुना सदरा घालावयाचा, इस्त्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत न्यावयाचे आणि पतपेढीत पोहोचल्यावर बदलावयाचे, असा त्याचा बेत होता. बेत उत्तम होता. पण पिशवीत त्या कपड्यांच्या शेजारी जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि छत्री अशी मंडळी एकत्र नांदत होती. पिशवी पाठीला घट्ट बांधलेली आणि पाठ घामाने भिजलेली. पहिल्याच आठवड्यात व्यवस्थापकांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि चारचौघांदेखत म्हटले, "अहो, रात्री याच कपड्यांत झोपला होता की काय?"

शब्द थट्टेचे होते; पण गरिबाच्या जिव्हारी थट्टाच आधी लागते. त्याच सायंकाळी तरुणाने हप्त्यांवर मोटारसायकल घेण्याचा कागद आणला. दरमहाचा हप्ता आणि पेट्रोल यांची बेरीज केली, तेव्हा ती बहिणीच्या शिक्षणासाठी बाजूस काढलेल्या रकमेच्या पलीकडे गेली. आईने कागद पाहिला, काही बोलली नाही, आणि 'पुढच्या वर्षी बघू' एवढेच मुलीला सांगितले. सुरकुती पडली सदऱ्याला आणि घडी विस्कटू लागली घराची! कागदावर सही मात्र अद्याप व्हावयाची होती. ती का झाली नाही, हे पुढे येईलच. तत्पूर्वी सुरकुती ही काय वस्तू आहे, ते पाहणे अवश्य आहे. कारण शत्रूची ओळख पटल्यावाचून त्याचा बंदोबस्त करता येत नाही.

सायकल आणि पोशाख यांचे भांडण सायकलीइतकेच जुने आहे. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत असे. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आजची सायकल ही या दोन कल्पनांचीच संतती होय. परंतु साखळी आली तशी तिच्या दातांत अडकणारी विजारही आली, आणि चाकाबरोबर चिखलही आला. हॉलंडमधील लोकांनी याचे उत्तर सायकलीतच शोधले. तेथील नेहमीच्या सायकलीची साखळी पेटीत पूर्ण झाकलेली असते, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना कोटाचे टोक अडकू नये म्हणून पडदे असतात, आणि बसणारा ताठ बसून संथपणे पाय मारतो. यास्तव पुष्कळ लोक तेथे कामाच्या पोशाखातच घरातून निघतात. आपल्याकडेही पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. धोतराचा सोगा साखळीत जाऊ नये म्हणून तो आवरून धरणारे मास्तर, विजारीच्या पायाला पोलादी चाप लावणारे कारकून, आणि मागच्या चाकाला जाळी बसवलेल्या सायकलीवरून पदर खोचून जाणाऱ्या शिक्षिका हे त्या शहराचे नित्याचे दृश्य होते. पुढे इंजिनाच्या दुचाकींनी हे दृश्य पुष्कळसे पुसून टाकले. २०१७ साली पुणे महानगरपालिकेने सायकलींसाठी सर्वंकष आराखडा मंजूर केला. तथापि उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घाम व चिखल कोणत्याही आराखड्यास जुमानत नाहीत. हॉलंडची थंड हवा आपणास मिळावयाची नाही. म्हणून कपडे बरोबर नेऊन तेथे बदलणे, हाच येथे बहुतेकांचा मार्ग ठरतो.

आता सुरकुतीकडे वळू. सुती कापड हे सेल्युलोज नावाच्या द्रव्याचे बनलेले असते, आणि त्या द्रव्याचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. कवाईतीच्या वेळी रांगांत उभ्या असलेल्या मुलांनी शेजारच्या रांगेतील मुलांचे हात धरावेत, तद्वत् या साखळ्या एकमेकींस हायड्रोजनच्या बंधांनी धरून असतात. हे बंध फार चिवट नसतात. पाणी आत शिरले की ते सुटतात, आणि पाणी निघून गेले की साखळ्या ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत पुन्हा बांधल्या जातात. इस्त्री करताना आपण हेच करतो: पाणी शिंपडून बंध सोडवतो, दाबाने कापड सपाट करतो आणि उष्णतेने पाणी घालवून ते बंध तसेच पक्के करतो. सुरकुती म्हणजे दुसरे काही नसून ही चुकीच्या जागी, चुकीच्या आकारात झालेली इस्त्रीच होय. घामाचा ओलावा मिळाला, डब्याचा दाब मिळाला, पाठीची ऊब मिळाली आणि अर्ध्या तासाचा अवकाश मिळाला, म्हणजे पिशवीतील सदऱ्याला आणखी काय हवे?

हाच नियम अनुकूल रीतीने कसा वापरता येतो, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते. ज्या घरी इस्त्री नसे, तेथे पितळेच्या तांब्यात निखारे घालून तो कपड्यावरून फिरवीत. तेही न जमले तर विजार नीट घडी करून रात्री गादीखाली ठेवीत, आणि निजणाऱ्याचे वजन, अंगाची ऊब व सात-आठ तासांची रात्र मिळून सकाळी तिला धारदार घडी देत. जी शक्ती गादीखाली मित्र असते, तीच पिशवीत शत्रू होते. भेद एवढाच की, गादीखाली कापड सपाट असते आणि पिशवीत ते कोंबलेले असते.

सर्वच कापडे सारखी नाहीत, हेही ध्यानात घ्यावयास पाहिजे. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८.५ ग्रॅम पाणी धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरीत नाही. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधलेला हाच धागा आपल्याकडे टेरिलिन म्हणून आणि कापसाशी मिसळल्यावर टेरिकॉट म्हणून घरोघर पोहोचला. त्याला सुरकुती कमी पडते, पण तो घाम टिपत नाही, म्हणून वैशाखात तो अंगाला नकोसा होतो. लोकरीच्या अंगी मूळचीच स्थितिस्थापकता असल्याने लोकरी कोट रात्रभर टांगला की पुष्कळसा सावरतो. सुती कापडाच्या साखळ्या एकमेकींस कायमच्या जोडून त्याला सुरकुतीस दाद न देणारे करण्याची युक्तीही निघाली आहे. मँचेस्टरच्या एका कंपनीने ती १९२०च्या दशकात प्रथम साधली, आणि १९५० नंतर अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथील सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या विदुषीने तिच्यात मोठी भर घातली. असे कापड मिळाले आणि परवडले तर सायकलस्वाराने ते अवश्य घ्यावे. जाड खळ घातलेले कापड मात्र सायकलवरून नेऊ नये. खळ कापडाला ताठ करते खरी, पण त्याला एकदा पडलेली मोडही ती तितक्याच ताठरपणे धरून ठेवते.

येथे त्या तरुणाची कथा पुन्हा हाती घेऊ. मोटारसायकलीचा कागद खिशात असतानाच एके सकाळी त्याने गावचा परीट सायकलवरून जाताना पाहिला. मागच्या कॅरिअरवर चादरीत बांधलेले भले मोठे बोचके होते, रस्ता खड्ड्यांचा होता, आणि बोचक्यात चांगले तीस-चाळीस कपडे असावेत. ते घरोघर पोहोचत तेव्हा एकावरही सुरकुती नसे. तरुणाने त्यांना थांबवून विचारले, "काका, तुमच्या कपड्यांची घडी मोडत कशी नाही?" वृद्ध परीट हसले आणि म्हणाले, "दादा, तुमी कपडं कोंबता. आमी कपडं निजवतो. निजलेल्या माणसाला कुनी गुडघ्यात घालून नेतं व्हय?" त्यांनी रस्त्याच्या कडेला बोचके उतरवून गाठ सोडून दाखवली. तळाशी चादरी व विजारी, त्यांवर सदरे. एका सदऱ्याची कॉलर पूर्वेस तर त्यावरच्या सदऱ्याची पश्चिमेस, म्हणजे ढीग एका बाजूस उंच होत नाही. सारे आडवे, सपाट आणि एकमेकांना सावरून धरणारे. गाठ इतकी घट्ट की आतले कपडे सरकणार नाहीत, आणि इतकी सैल की दबणार नाहीत.

शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत जे तत्त्व सापडते, तेच परटाच्या बोचक्यात होते. कापड जितक्या तीव्र कोनात मोडावे तितकी सुरकुती खोल, आणि जितक्या मोठ्या वळणाने वळवावे तितकी ती उथळ. कापडावर कापड घसरू लागले की चुण्या पडतात. ते जागच्या जागी राहिले तर पडत नाहीत. एका माणसाच्या दोन कपड्यांसाठी हीच रीत लहान प्रमाणावर कशी करावी, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे इस्त्री आदल्या रात्री करावी, आणि इस्त्रीखालून निघालेला ऊन कपडा लगेच घडी न करता टांगून पुरता निवू द्यावा. ऊन कापडात थोडी वाफ राहिलेली असते, आणि त्या अवस्थेत केलेली प्रत्येक घडी ही नवी इस्त्री होऊन बसते. सकाळच्या घाईत तापलेला सदरा पिशवीत टाकणारा मनुष्य आपल्याच हातांनी सुरकुती करीत असतो.

दुसरी गोष्ट पुठ्ठ्याची. नव्या सदऱ्याबरोबर पुठ्ठा आणि कॉलरखालची पट्टी येते. ती केरात न टाकता जपून ठेवावी. नसल्यास २५ सेंटिमीटर रुंद व ३५ सेंटिमीटर लांब असे दोन जाड पुठ्ठे कापून घ्यावेत. सदऱ्याची वरची, मधली आणि शेवटची गुंडी लावून तो पालथा पसरावा. कॉलरखाली पुठ्ठा ठेवून दोन्ही बाजू आत घ्याव्यात, बाह्या सरळ खाली सोडाव्यात आणि खालचा भाग एकदाच वर दुमडावा. ही दुमड सदऱ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात पडेल अशी बेताने घ्यावी. कारण तो भाग विजारीत खोचला जातो, आणि तेथली मोड कोणाच्या दृष्टीस पडत नाही. जी सुरकुती टाळता येत नाही तिला निदान अडचणीच्या जागी बसवावे, हेही एक शहाणपण आहे.

तिसरी गोष्ट विजारीची. विजारीच्या दोन्ही पायांच्या इस्त्रीच्या रेघा एकावर एक जुळवाव्यात. दुसऱ्या पुठ्ठ्यावर कमरेचा भाग ठेवावा आणि पाय पुठ्ठ्याबाहेर लांब सोडावेत. त्यावर घडी केलेला सदरा ठेवावा, आणि मग बाहेर सोडलेले पाय सदऱ्यावरून परत आणावेत. अशा रीतीने विजारीच्या वळणात सदऱ्याची जाडी येते, वळण गोल होते आणि गुडघ्यापाशी मोड पडत नाही. हे सारे एखाद्या गुळगुळीत पातळ कागदात किंवा स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवावे. वस्त्र वस्त्रावर घासण्याऐवजी गुळगुळीत पृष्ठभागावर सरकले म्हणजे चुणी धरीत नाही. कोट असल्यास तो उलटा करून, खांद्यात खांदा घालून, सर्वांच्या बाहेरून गुंडाळावा; पण शक्य असेल तर तो कचेरीतच ठेवावा.

चौथी गोष्ट, ही गाठोडी ठेवावी कोठे? पाठीवर कदापि ठेवू नये. पाठ म्हणजे ओलावा, ऊब आणि दाब यांचे माहेरघर. मागच्या कॅरिअरवर ती आडवी ठेवावी, आणि कॅरिअरच्या चापाखाली थेट कापड न देता वरखाली पुठ्ठा द्यावा, म्हणजे चापाची खूण उमटत नाही. कॅरिअरच्या बाजूस टांगावयाच्या पिशव्या मिळतात. त्यांतील एकीत कपडे पाठीच्या बाजूस उभे ठेवले तरी चालते. मात्र डबा, बाटली, कुलूप व ओला पंचा यांची सोय दुसऱ्या पिशवीत करावी. डबा आणि सदरा यांचा सहवास हा सर्व अनर्थांचे मूळ आहे. पावसाळ्यात गाठोडीभोवती मेणकापड किंवा जाड प्लॅस्टिक असावयास पाहिजे, आणि त्याचे तोंड खाली दुमडून बांधावे; कारण पाणी वरून येते त्यापेक्षा अधिक ते चाकाबरोबर खालून येते. मडगार्ड ही शोभेची वस्तू नव्हे, हे आषाढात कळते.

सुती साडी नेणाऱ्या भगिनींची अडचण याहून निराळी आहे. साडीचे पदर पुष्कळ, आणि दुमडी तितक्याच. तिच्यासाठी घडीपेक्षा गुंडाळी चांगली. साडी लांबीच्या दिशेने सारख्या रुंदीची करून एखाद्या गुंडाळलेल्या पंचाभोवती सैलसर गुंडाळावी, म्हणजे तीव्र मोड कोठेच पडत नाही. परंतु त्यांची खरी अडचण गुंडाळीची नाहीच. ती जागेची आहे. पुरुष एखाद्या कपाटाआड सदरा बदलून मोकळा होतो. स्त्रीस दाराला आतून कडी असलेली खोली पाहिजे, आणि ती नसेल तर तिची सायकल घरीच राहते. हा प्रश्न कोणत्याही पुठ्ठ्याने सुटणारा नाही.

पाचवी आणि शेवटची गोष्ट पोहोचल्यानंतरची. कामाच्या वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचावे, आणि शेवटचा एक किलोमीटर हळू चालवावा. पोहोचताच कपडे मोकळे करून टांगावेत, ओल्या पंचाने अंग पुसावे आणि घाम थांबेपर्यंत वाट पाहावी. ओलसर अंगावर कोरडा सदरा चढवला की वाटेतील सारी मेहनत पाच मिनिटांत वाया जाते. थोडी चुणी दिसलीच तर ओल्या तळव्याने ती जागा ओलसर करून हलकेच ताणावी आणि वाऱ्यावर टांगावी. ज्या पाण्याने बंध बिघडले त्याच पाण्याने ते सुधारतात. आणि कचेरीत एखादी खुंटी व एक फळी मिळत असेल, तर सर्वांत सोपा उपाय हाच की, सोमवारी आठवड्याचे सदरे एकदम न्यावेत आणि शनिवारी मळलेले परत आणावेत. जो कपडा रोज प्रवास करीत नाही त्याला रोज सुरकुतीही पडत नाही.

त्या तरुणाने परटाकाकांपासून घरी परतताच जुन्या खोक्याचे दोन पुठ्ठे कापले. पहिल्या दिवशी घडी तिरपी बसली, दुसऱ्या दिवशी चापाची खूण उमटली, आणि आठवड्याअखेर सदरा निर्मळ पोहोचला. मग एके दिवशी तो स्वतः व्यवस्थापकांच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, दप्तराच्या खोलीत कपाटामागे एक खुंटी ठोकण्याची परवानगी असावी." व्यवस्थापक क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांना आपले जुने शब्द आठवले असावेत. त्यांनी खुंटीला परवानगी दिली, आणि सुतारास दाराला आतून कडी बसवण्यासही सांगितले. पुढे त्याच खोलीचा उपयोग पतपेढीतील एका बाईंना झाला. त्याही सायकलवर येऊ लागल्या. मोटारसायकलीचा कागद घरी फडताळात पडून राहिला, आणि जूनमध्ये बहिणीची फी भरली गेली.

तात्पर्य, दोन पुठ्ठे, एक गुळगुळीत पिशवी, पंधरा मिनिटांचा अवकाश आणि भिंतीला एक खुंटी, एवढ्यात हा प्रश्न सुटण्याजोगा आहे. त्यांतील पहिल्या तीन गोष्टी ज्याच्या त्याच्या हातच्या आहेत. चौथी मात्र कचेऱ्यांच्या, शाळांच्या व पेढ्यांच्या चालकांच्या हाती आहे. आपल्याकडे कामास येणारा मनुष्य कशावर बसून आला, हे ते क्वचितच पाहतात; तो कसा दिसतो, हे मात्र रोज पाहतात. ज्यांना नीटनेटका पोशाख पाहिजे, त्यांनी तो टांगावयास जागाही द्यावी आणि दाराला कडीही लावावी. एका खुंटीचा आणि एका कडीचा खर्च तो केवढा. पण तेवढ्यावर एखाद्या घराची घडी नीट राहते.